ऋतूप्रमाणे एटीव्हीचं इंजिन ऑईल बदलायचं? कोल्हापुरात तरी मला पटत नाही

धागाकर्ता, करवीर
शेतावर आणि घाटाकडच्या रिसॉर्टवर एटीव्ही, म्हणजे जाड टायरच्या चारचाकी हँडलवाल्या गाड्या, दिसायला लागल्या, तसा एक सल्लाही जो तो द्यायला लागलाय: थंडीत १०डब्ल्यू-३० ग्रेडचं ऑईल टाका, उन्हाळ्यात २०डब्ल्यू-५०. ऑईलच्या दुकानातही हेच सांगतात. माझा याला स्पष्ट विरोध आहे.

डब्ल्यूच्या आधीचा आकडा म्हणजे थंड इंजिन फिरवताना ऑईल किती जड पडतं त्याचा दर्जा. ही चाचणी १०डब्ल्यूसाठी उणे २५ अंशांवर होते, २०डब्ल्यूसाठी उणे १५ वर. आपल्याकडं जानेवारीच्या पहाटे पारा दहा-बाराला आला तरी शेकोट्या पेटतात. मनालीला बर्फात गाडी चालवणाऱ्यानं त्या आकड्याची काळजी करावी, करवीरकरानं कशाला? मागचा आकडा १०० अंशांवरच्या दाटपणाचा. इंजिन तापल्यावर आत चैत्र आहे की पौष, याचा फरक फार थोडा. मॅन्युअलमध्ये १०डब्ल्यू-४० दिलं असेल तर बारा महिने तेच ठेवा. ऋतू बघायचाच असेल तर ऑईल *कधी* बदलायचं त्यासाठी बघा.

उद्यमनगरचा मिस्त्री
थंडीचं तुमचं बरोबर हाय, उन्हाचं न्हाई. एअर-कूल्ड इंजिन पुढनं वारं लागलं तरच गार राहतंय. एप्रिलात दुपारी, मागं वाड्याची (उसाच्या शेंड्याच्या चाऱ्याची) ट्रॉली, पहिल्या गिअरमध्ये सरीतनं माणसाच्या चालीनं गाडी चाललीया, तिथं वारं कुठलं? अशा गाडीला ४० चं ऑईल लई पातळ पडतंय. टॅपेटचा (व्हॉल्व्हजवळचा टकटक) आवाज ऐकला की लगेच कळतंय. २०डब्ल्यू-५० घातलं की आवाज बसतोय. आणि मॅन्युअलचं म्हणाल, तर बऱ्याच मॅन्युअलांत तापमानाचा तक्ता असतोय. त्यात जास्त उष्णतेला ५० चालतं असं कंपनीच लिहिते. तेवढं पान पण वाचा की.

धागाकर्ता, करवीर
मिस्त्री, तक्त्यात असेल तर जरूर घाला, त्याला माझी ना नाही. पण तुम्ही सांगितलेलं कारण उन्हाचं नाही, कामाचं आहे. ट्रॉली ओढायचं काम ऊसतोडीत, म्हणजे ऐन थंडीतच जास्त असतं. तीच गाडी एप्रिलात नुसती बांधावरनं फिरत असेल तर तेव्हा ५० कशाला? काम बघून ग्रेड ठरवा, कॅलेंडर बघून नको.

आणि आवाज बसला म्हणजे झीज थांबली असं नाही. आधी सिलिंडरच्या फिन्स, म्हणजे वारं लागून इंजिन गार करणाऱ्या बाहेरच्या पट्ट्या, बघा. दोन फिन्सच्या मधे चिखल वाळून विटेसारखा बसलेला असतो, बोटानं निघत नाही, लाकडी काडीनं कोरून काढावा लागतो. तो तसाच ठेवून जाड ऑईल घालणं मला मान्य नाही.

गगनबावडेकर
तुम्ही दोघं उन्हाळा-हिवाळ्यावर भांडताय आणि खरा ऋतू राहूनच गेला. आमच्याकडं जिल्ह्यातला सगळ्यात जास्त पाऊस. ओढ्यातनं गाडी काढली आणि पाणी एअर बॉक्सपर्यंत (एअर फिल्टरच्या पेटीपर्यंत) किंवा ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या) नळीपर्यंत चढलं की ग्रेड कुठलीही असो, उपयोग शून्य. संध्याकाळी डिपस्टिक काढून उजेडात धरा. ऑईल दुधाच्या कॉफीसारखं दिसलं तर स्टार्टरला हात लावू नका. सगळं काढा, फिल्टर बदला, नवं भरा, थोडा वेळ चालवा आणि पुन्हा काढा. एका वेळेत सगळं पाणी निघत नाही.

ओढ्यात न जाताही ऑईलमध्ये पाणी होतं. पावसात गाडी शेडमधनं बाहेर काढायची, दोन मिनिटांत परत आत लावायची, असं महिनाभर केलं तर इंजिन नीट तापतच नाही आणि आत धरलेली वाफ उडून जात नाही. म्हणून आम्ही मृगाच्या आधी एकदा आणि पाऊस सरला की एकदा ऑईल बदलतो, किलोमीटर भरलेले नसले तरी.

राधानगरी रोड
ग्रेडपेक्षा डब्यावरचा जासो एमए किंवा एमए२ शिक्का बघा, म्हणजे ऑईलमध्ये भिजणाऱ्या क्लचला चालणाऱ्या ऑईलची जपानी मानकाची खूण. कारचं उरलेलं ५डब्ल्यू-३० एटीव्हीत ओतणारे लोक आहेत. ज्या गाडीचा क्लच इंजिन ऑईलमध्येच भिजतो, तिथं कारच्या ऑईलमधल्या घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांनी प्लेटा घसरायला लागतात. चढावर इंजिन ओरडतं आणि गाडी जागची हलत नाही. बेल्टवाल्या सीव्हीटी (आपोआप गिअरच्या) गाड्यांचा क्लच सहसा कोरडा असतो, त्यामुळं त्यांचा हिशेब वेगळा. काही कंपन्या तर ५डब्ल्यू-५० सांगतात. अशा गाडीला शेजाऱ्याच्या गाडीचं ऑईल चालेल असं धरू नका.

उद्यमनगरचा मिस्त्री
शिक्क्याचं शंभर टक्के पटलं. पण ५० वरनं मी मागं सरणार न्हाई. या गाड्यांत इंजिन आणि गिअरबॉक्सला ऑईल एकच. असल्या दोन आकड्यांच्या मल्टिग्रेड ऑईलात दाटपणा टिकवायला घातलेलं पॉलिमर गिअरच्या दातांत कापलं जातंय, ऑईल हळूहळू पातळ होतंय. ४० घातलेलं काही महिन्यांनी ४० राहत न्हाई. म्हणून तर मी सुरवात वरनं करतोय.

धागाकर्ता, करवीर
मुद्दा खरा आहे, उपाय पटत नाही. पातळ होणार म्हणून आधीच जाड भरलं, तर रोज सकाळी तेच जाड ऑईल वर रॉकर आर्मपर्यंत (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांपर्यंत) पोचायला जास्त वेळ घेणार. त्यापेक्षा तेच ४० मुदतीच्या आधी बदला. छोट्या एटीव्हीत लिटर-सव्वा लिटर ऑईल बसतं, त्याचा खर्च क्लच प्लेटांच्या मानानं काहीच नाही.

गगनबावडेकर
मिस्त्री, एक विचारायचं होतं. ऑईल काढताना ड्रेन बोल्टचं तांब्याचं वॉशर दर वेळी नवं घालता का? आमच्या गाडीला तिथनंच थेंब थेंब गळतंय.

उद्यमनगरचा मिस्त्री
दर वेळी नवंच. जुनं एकदा दबलं की परत नीट बसत न्हाई. आणि बोल्ट पान्याला जोर लावून आवळू नका, ॲल्युमिनियमचे आटे जातात. बोल्टला चुंबक असेल तर त्यावर बारीक करडी पूड दिसली तर काळजी न्हाई. नखात धरता येईल असा तुकडा दिसला, तर गाडी घेऊन या.