रात्री ओलित, दिवसा झोप नाही. मेडिकलवाली गोळी घेऊ का?

हरभरावाला, आर्वी (जि. वर्धा)

नमस्कार मंडळी. वय ३८. यंदा साडेचार एकर हरभरा अन् थोडा गहू आहे. आमच्या फीडरवर शेतीची लाईन, म्हणजे वीज, आठवड्यातले काही दिवस दिवसा असते, बाकी दिवस रात्री १० ते सकाळी ८. दिवसाच्या लाईनीत काही त्रास नाही. रात्रीच्या लाईनीत मात्र रातभर वावरात. स्प्रिंकलरचे पाईप बदला, नोझलमधला कचरा काढा, मधातच डीपीवरचा (ट्रान्सफॉर्मरचा) फ्यूज उडाला की बॅटरी घेऊन तिकडं पळा. वरून डुकरं अन् रोही (नीलगाई) आहेतच. सकाळी आठला घरी येऊन पडलो की लगेच डोळा लागते, पण दहाला टक्क जाग. मग दिवसभर अंग जड, डोकं दुखते, पोरांवर उगाच खेकसणं होते.

खरी तकलीफ पुढं आहे. लाईन दिवसाची झाली की वाटते, आता मस्त झोपू. नऊला जेवून पडतो. अकरा होते, बारा होते, झोप येऊनच नाही राहिली. या कुशीवरून त्या कुशीवर. सोसायटीचं कर्ज, सोयाबीनचा भाव, पोरीची फी, सगळं तेव्हाच आठवते. मग मोबाईल घेऊन बसतो. शेजारी बायको दिवसभर निंदण करून आलेली, तिलेही झोपू देत नाही.

जागलीवर थर्मासभर चहा अन् दोन-तीन खर्रे होतात, नाही तर डोळे उघडे राहत नाही. मेडिकलवाल्यानं एक बारकी गोळी दाखवली, म्हणे अर्धी घ्या, घोड्यासारखे झोपाल. बायको म्हणते डॉक्टरला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. घेऊ का? कुणाला अनुभव असेल तर सांगा.

---

सिस्टर, हिंगणघाट

दादा, वहिनींचं ऐका. मी ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स आहे, नोकरीची बरीच वर्षं रात्रपाळीतच गेली. घरी पाच एकर ओलिताचं वावर आहे, म्हणून तुमची दोन्ही दुखणी मला जवळून माहीत आहेत.

आधी गोळीचं. मेडिकलवर अशी सहज देतात ती बहुतेक अल्प्राझोलम असते. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकायलाच बंदी आहे. काही आठवड्यांत शरीराला तिची सवय लागते, मग अर्धीची एक होते, आणि एकदम सोडली तर झोप आधीपेक्षा जास्त उडते, छाती धडधडते. दारूच्या वर घेतली तर श्वास मंदावून जिवावर बेतू शकतं. आणि तुम्ही रात्री ओल्या हातानं स्टार्टरजवळ जाता, विहिरीच्या काठावर उभे राहता. त्या गुंगीत तिथं पाय ठेवायचा नाही, एवढं मला वचन द्या.

आता दहालाच जाग का येते ते सांगते. मेंदूत एक घड्याळ आहे, डोळ्यांत जाणाऱ्या उजेडावर ते लागतं. रात्री ते अंग थंड करतं, झोप आणतं. सकाळ झाली की अंग गरम करून उठवायला लागतं. तुम्ही आठला झोपता तेव्हा थकवा तुम्हाला पाडतो, पण घड्याळ उठवत असतं, म्हणून दोन तासांत डोळे उघडतात. हा तुमच्या मनाचा कमकुवतपणा नाही. हे घड्याळ शरीराच्या पेशीपेशीत कसं चालतं हे शोधणाऱ्या तिघांना, हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना, २०१७ साली वैद्यकाचं नोबेल मिळालं. आणि हे घड्याळ म्हणजे बैलजोडी नाही की कासरा ओढला अन् वळली. दिवसाला फार तर तासभर सरकतं. तुमची लाईन चार दिवसांत दिवसाची रात्र करते, तेवढ्यात ते कुठून पोचणार?

म्हणून घड्याळ फिरवायच्या मागे लागू नका. झोपेचा एक तुकडा असा धरा जो दोन्ही पाळ्यांत बदलणार नाही. तुमच्यासाठी मला रात्री २ ते ६ हा बरा वाटतो. रात्रीची लाईन असेल तेव्हा दहाला पहिला सेट सुरू करा, सव्वा वाजता पाईप बदला, दीडला दुसरा सेट लावून मोटर टायमरवर सोडा आणि वावरातच झोपा. एखादा सेट कमी होईल हे मला कळतं. पण हरभऱ्याला फुलावर येताना आणि घाटे भरताना पाणी मोलाचं असतं, रोज रात्री भिजवायची गरज नसते, आणि जास्त पाणी झालं की तो नुसता वाढतो अन् झाडं वाळवणारा मर रोगही लागतो. दिवसाची लाईन असेल तेव्हा साडेदहाला झोपा, सहालाच उठा. म्हणजे २ ते ६ या वेळी तुम्ही रोज झोपेत असाल. रात्रीच्या पाळीत कमी पडलेली झोप दोन ठिकाणी भरून काढा: संध्याकाळी जेवण लवकर उरकून वावरात जायच्या आधी तास-दीड तास, आणि दुपारी तीनच्या आत थोडी. पहाटे ३ ते ५ ला शरीर सगळ्यात थंड आणि सुस्त असतं. त्या वेळी मोटरसायकलवर घरी येणं तसंही नको, डुलकीत गाडी नाल्यात गेलेले पेशंट आमच्याकडे येतात.

वावरात झोपायचं तर खाटेवर झोपा, जमिनीवर नाही, आणि मच्छरदाणीची कड गादीखाली नीट खोचा. मण्यार साप बहुतेक रात्री झोपलेल्या माणसाला चावतो, चावलेलं बरेचदा कळतही नाही. थंडी आहे म्हणून बंद झोपडीत शेगडी किंवा कोळसे पेटते ठेवून झोपू नका. त्यातून निघणारा विषारी वायू दिसत नाही, वासही येत नाही, आणि माणूस झोपेतच जातो. घोंगडी जास्त घ्या, शेगडी बाहेर.

चहाचं असं आहे की पाच-सहा तासांनीही त्यातलं निम्मं कॅफीन रक्तात फिरत असतं. बाराला घेतलेला चहा दोनला झोपू देणार नाही. शेवटचा कप नऊच्या आत, वावरात पोचायच्या आधी. खर्रा तुम्हाला जागं ठेवतो कारण तंबाखू आणि सुपारी दोन्ही उत्तेजक आहेत. तोच खर्रा पुढं झोपेच्या आड येतो. सोडायला घेतलात तर पहिले काही दिवस झोप आणखी बिघडेल, त्याला घाबरून परत सुरू करू नका. तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट पाहते म्हणून हात जोडून सांगते.

राहिली दिवसाच्या लाईनीतली रात्र. नऊला पडूच नका. झोप नसताना खाटेवर तळमळत पडलं की मेंदू शिकतो, खाट म्हणजे काळजी करायची जागा. साडेदहाला पडा. वीसेक मिनिटं झाली असं वाटलं आणि झोप नसली, तर उठा, ओट्यावर अंधारात बसा, दोरी वळा, काहीही शांत करा, डोळे जड झाले की परत या. घड्याळ पाहायचं नाही, मोबाईल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला. कितीही कमी झोप झाली तरी उठायचं सहालाच, आणि उठल्यावर उन्हात जायचं. दोन-तीन रात्री जड जातील, मग झोप आपोआप लवकर येऊ लागते. जुनाट निद्रानाशावर गोळीच्या आधी हेच उपचार करावेत असं अमेरिकेच्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेनं २०१६ मध्येच सांगितलं आहे. कर्जाचा आणि फीचा हिशोब संध्याकाळी वहिनींसोबत बसून वहीत लिहून काढा. रात्री तोच विचार आला की म्हणा, वहीत आहे.

दोन गोष्टी कळवा. तुम्ही घोरता का, मधातच श्वास थांबतो का, हे वहिनींना विचारा. आणि मन कसं आहे? जेवण जातं का?

---

संत्रावाला, वरूड

सिस्टरताई बरोबर सांगून राहिल्या. भाऊ, टायमर लावायचा तर मोबाईल स्टार्टर घ्या, फोन केला की मोटर चालू, फोन केला की बंद, वेळही लावता येते. नुसता ऑटो स्विच लावू नका. लाईन गेली अन् आली की गावातल्या साऱ्या ऑटोवाल्या मोटरी एकदम उचलतात, डीपी जळते, मग आठ-आठ दिवस कोणालाच पाणी नाही.

डुकरासाठी कुंपणाला झटका मशीन बसवा, सोलरवरचं. त्याचा करंट ठोक्याठोक्यानं येतो, जनावर पळते, मरत नाही. पण कुंपणात सरळ लाईनीचा करंट सोडू नका, कोणी कितीही सांगो. आपल्या भागात त्यात माणसं गेली, वाघही गेले.

अन् मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत अर्ज करून ठेवा. आपल्याला १० टक्के भरावं लागते, अनुसूचित जाती-जमातीला ५ टक्के. माझ्या बगीच्यात पंप बसला तवापासून रात्रीचं ओलितच बंद आहे. ढगाळ दिवशी प्रेशर कमी भेटते, पण मी घरी झोपतो.

---

पुसदची ताई

घोरण्याबद्दल सिस्टरनी विचारलं म्हणून लिहिते. आमचे हे इतके घोरायचे की पाहुणे ओसरीत झोपायचे, आणि घरात सगळे म्हणायचे गाढ झोप लागते. मी एका रात्री शेजारी बसून नीट पाहिलं. घोरणं एकदम बंद, छाती हलते पण नाकातून हवा नाही, मग गुदमरल्यासारखा मोठा श्वास. असं परत परत. दिवसा एसटीत बसले की तालुका यायच्या आधी मान खाली, आणि बीपीची गोळी चालू असून बीपी वरच. नागपूरला छातीच्या डॉक्टरांनी रात्रभर छातीला पट्टे, बोटाला क्लिप लावून तपासणी केली. झोपेत घशाची वाट बंद होत होती. आता नाकावर मास्कचं मशीन लावून झोपतात. लाईन जाते म्हणून इन्व्हर्टर घ्यावा लागला, तो खर्च धरून चाला. पण सकाळचं डोकं दुखणं गेलं आणि बीपी ताब्यात आलं. अशा माणसाला झोपेची गोळी फार वाईट, असं डॉक्टरांनी तिथंच बजावलं.

---

हरभरावाला, आर्वी

सगळ्यांचे मनापासून आभार. गोळी घेत नाही, नक्की. बायकोला विचारलं, थोडं घोरतो म्हणते, श्वास नाही थांबत.

सिस्टर, जेवणाचं विचारलं म्हणून सांगतो. दिवाळीपासून जेवणावरची वासनाच गेली. ज्या दिवशी झोप लागते त्या दिवशीही चारला जाग येते अन् छातीवर दगड ठेवल्यासारखं होते. पोळ्याला बैल सजवायचा मला भारी शौक, यंदा तेही मन झालं नाही. हे झोपेमुळेच आहे ना?

---

सिस्टर, हिंगणघाट

दादा, हे मोकळेपणानं लिहिलंत ते फार बरं केलं. नुसत्या झोपेचं असं नसतं. पहाटे लवकर जाग, भूक नाही, आवडीच्या गोष्टीत मन नाही, आणि हे दोन आठवड्यांच्या वर चाललं, तर ते नैराश्य असू शकतं. त्यावर चांगले उपचार आहेत. माणूस बरा होतो, मी पाहिलं आहे.

आज रात्री वावरात जायच्या आधी १४४१६ ला फोन लावा. ती सरकारची टेली-मानस सेवा आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. जगणं नको असा विचार मनात येत असेल तर वावरात एकटे जाऊ नका, वहिनींना आत्ताच सांगा, फवारणीची औषधं घरातून आणि झोपडीतून शेजाऱ्याकडे ठेवा, आणि उद्याची वाट न पाहता दवाखाना गाठा.

तसा विचार नसेल तरी या आठवड्यातच वहिनींना घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा उपजिल्हा रुग्णालयात जा. झोप लागत नाही एवढंच सांगून थांबू नका, वर लिहिलं ते सगळं तसंच सांगा. बीपी, साखर, हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासायला सांगा. डॉक्टरांनी गोळी दिलीच तर ती किती दिवस घ्यायची आणि बंद कशी करायची हे तिथंच विचारून कागदावर लिहून घ्या. रात्री ओलिताला जातो, मोटर हाताळतो, हेही त्यांना सांगा, म्हणजे गुंगीची गोळी देताना ते विचार करतील. १० ते ४ मी ड्युटीवर असते, संध्याकाळी सहानंतर इथं मेसेज टाका, मी पाहीन.