रेडिएशननंतर कॅव्हिटीच्या कडेला नवा भाग: आरसीबीव्ही १.३ म्हणजे नेक्रोसिस धरायचं का?

प्रश्न
उजव्या टेम्पोरल लोबचा ग्लिओब्लास्टोमा (मेंदूचा आक्रमक ट्यूमर). शस्त्रक्रियेनंतर ६० ग्रे, ३० फ्रॅक्शन, सोबत टेमोझोलोमाइड (केमोचं औषध). रेडिएशन संपून सात महिने झालेत. आताच्या एमआरआयमध्ये कॅव्हिटीच्या (ट्यूमर काढलेल्या पोकळीच्या) मागच्या कडेला १४ मिमीचा नवा भाग कॉन्ट्रास्ट घेतोय. डीएससी परफ्युजनमध्ये (कॉन्ट्रास्टची पहिली फेरी टिपून रक्तपुरवठा मोजणारा एमआरआय) विरुद्ध बाजूच्या व्हाइट मॅटरच्या तुलनेत आरसीबीव्ही (ऊतीतल्या रक्ताचं सापेक्ष प्रमाण, ट्यूमरमध्ये सहसा जास्त) १.३. एवढ्यावर नेक्रोसिस (ट्यूमर नव्हे, रेडिएशनने मेलेली ऊती) म्हणता येईल? स्पेक्ट्रोस्कोपी (ऊतीतली रसायनं मोजणारा एमआरआय) करून घ्यावी का?

उत्तर १
नाही. आधी तो १.३ आला कसा ते तपासा. अशा भागात रक्त-मेंदू अडथळा फुटलेला असतो, त्यामुळे पहिल्याच फेरीत गॅडोलिनियम (कॉन्ट्रास्ट) बाहेर झिरपतं. टी१ परिणामामुळे सिग्नल वाढतो, बोलसमुळे (एकदम सोडलेल्या कॉन्ट्रास्टमुळे) होणारी सिग्नलची घसरण उथळ दिसते आणि ट्यूमर असूनही आरसीबीव्ही कमी येतो. सिग्नल-वेळेचा आलेख उघडा. बोलस गेल्यावर रेषा बेसलाइनच्या वर गेली असेल तर हेच घडलंय. ती बराच वेळ खालीच राहिली असेल तर उलटा धोका, आकडा फुगलेला असू शकतो.

३ टेस्लावर फ्लिप अँगल (रेडिओ पल्सचा कोन) ३०° आणि टीई (इको वेळ) ३० मिलिसेकंद ठेवला तर प्रीलोडशिवाय (आधी दिलेल्या कॉन्ट्रास्टच्या डोसशिवाय) भागतं. ६०° किंवा जास्त असेल तर पाचेक मिनिटं आधी प्रीलोड हवाच. सॉफ्टवेअरमधलं लीकेज करेक्शन (झिरपण्याची दुरुस्ती) दोन्ही वेळा चालू ठेवा.

आरओआय (मोजमापासाठी आखलेलं वर्तुळ) सगळ्या भागावर पसरवून सरासरी काढू नका. सर्वांत तापलेल्या, म्हणजे सर्वांत जास्त आकड्याच्या, ठिकाणी छोटा आरओआय ठेवा, मोठी रक्तवाहिनी टाळून. टेम्पोरल लोबजवळच्या हाडातल्या हवेने आणि जुन्या रक्तस्रावाने ईपीआय (परफ्युजनची जलद पद्धत) प्रतिमा बिघडते, म्हणून एसडब्ल्यूआय (रक्तस्राव ठळक दाखवणारा एमआरआय) शेजारी उघडून बघा.

उत्तर २
स्पेक्ट्रोवर इथे फार भिस्त नको. १४ मिमीच्या भागाला नेहमीचा सिंगल वोक्सेल (मोजमापाचा एक ठोकळा) मोठा पडतो, आजूबाजूचा मेंदू आणि कॅव्हिटीतला द्रव त्यात मिसळतो. शिवाय रेडिएशनच्या इजेतही कोलिन (ट्यूमरमध्ये वाढणारं रसायन) वाढू शकतं. रेडिएशनच्या प्लॅनवर हा भाग बसवून मात्र जरूर बघा: जास्त डोसच्या बाहेर असेल तर नेक्रोसिसची शक्यता खूप कमी. बेव्हॅसिझुमॅब (नव्या रक्तवाहिन्या रोखणारं औषध) किंवा स्टेरॉइड चालू आहे का, तेही कळवा, दोन्हींनी कॉन्ट्रास्ट फिका पडतो.

प्रश्नकर्ता
फ्लिप अँगल ७०°, प्रीलोड नव्हता. रेषा बेसलाइनच्या बरीच वर. बेव्हॅसिझुमॅब नाही. भाग ६० ग्रेच्या आत.

उत्तर १
मग १.३ रिपोर्टमधून काढूनच टाका आणि परफ्युजन पुन्हा करा. त्याच बैठकीत उशिराचा टी१ही घ्या: कॉन्ट्रास्टनंतर पाच मिनिटांनी एक थ्रीडी टी१, तासाभराने तंतोतंत तसाच दुसरा, आणि वजाबाकी. कॉन्ट्रास्ट धुऊन निघाला तर जिवंत ट्यूमरकडे कल, साचत गेला तर उपचाराच्या इजेकडे. दोन्ही प्रतिमा नीट जुळवल्या नाहीत तर कडांवर खोटे रंग येतात.

उत्तर ३
तरीही तळ्यात-मळ्यात राहिलं तर एफईटी पेट (अमिनो आम्लाचा ट्रेसर वापरणारं), जमल्यास ४० मिनिटांचं डायनॅमिक. एफडीजीत (साखरेच्या ट्रेसरचं पेट) निरोगी कॉर्टेक्सच इतका उजळतो की त्याला लागून असलेला छोटा भाग हरवून जातो. एकाच गाठीत ट्यूमर आणि नेक्रोसिस दोन्ही सापडणं नेहमीचंच आहे, म्हणून बायोप्सी ठरली तर पेट किंवा परफ्युजनमध्ये सर्वांत तापलेली जागा सर्जनला नेव्हिगेशनवर खूण करून द्या. नुसता कॉन्ट्रास्ट बघून सुई घातली तर मृत ऊतीच हाती येऊ शकते.