युद्धानंतर शाळा-दवाखाने परत उभे राहायला इतकी वर्षं का लागतात?

सांजवात:
इराकमधल्या मोसूलबद्दल वाचतेय. 2014 ला आयसिसने शहर घेतलं, 2017 ला सुटलं, पण त्या लढाईत अल-शिफा हॉस्पिटलचा परिसर पार मोडून गेला. मदत तर जगभरातून जाहीर झाली, तरी पुढे कित्येक वर्षं लोक कंटेनरमधल्या दवाखान्यात का जात होते? पैसा कमी पडतो की अजून काही असतं? कोणाला माहिती असेल तर सविस्तर सांगा प्लीज.

ओंकार_सिव्हिल:
पैसा नंतर, आधी जागा मोकळी व्हावी लागते. आयसिसने जाताना घरांत, वॉर्डांत, ढिगाऱ्यात स्फोटकं पेरून ठेवलेली, त्यामुळे ढिगारा लाखो टन असला तरी सरळ जेसीबी घालता येत नाही, पथक एकेक थर तपासत जातं. बरं नुसत्या भिंती म्हणजे हॉस्पिटल नव्हे ना, शहराच्या मधून वाहणाऱ्या टायग्रिस नदीवरच्या पाचही पुलांची वाट लागलेली, म्हणजे पश्चिमेचा पेशंट पूर्वेला न्यायचा तरी कसा, वर पाणी नाही लाइट नाही. विद्यापीठाची जळालेली लायब्ररीसुद्धा 2022 ला उघडली.

मीनल_क:
ओंकार, तुमचं पटतंय पण माणसांचं काय? कंबोडियात 1975 ते 79 हुकूमशहा पोल पॉटच्या राजवटीत शिकलेली माणसं वेचून मारली, उरलेली उपासमारीने गेली नाहीतर पळाली. 1979 ला अख्ख्या देशात पन्नासएक डॉक्टर उरलेले! शाळा उघडल्या तेव्हा मास्तरच नाहीत, मग ज्याला थोडं येतं त्याने काहीच न येणाऱ्याला शिकवायचं, असंच सुरू केलं. इमारत दोन वर्षांत होते हो, सर्जन तयार व्हायला दहाएक वर्षं जातात आणि त्याला शिकवणारा पण जिवंत लागतो. माझ्या मते खरा उशीर इथेच होतो.

खारकिव्हचा_विद्यार्थी:
मी 2022 ला युक्रेनमधून ऑपरेशन गंगातून (युद्धात अडकलेल्या भारतीयांना आणायची सरकारी मोहीम) परत आलो. तिथे तर युद्ध थांबायचीही वाट बघत नाहीयेत. खारकिव्ह शहर रशियाच्या सीमेच्या इतकं जवळ की मिसाइल काही सेकंदांत येतं, मुलांना तळघरात न्यायला वेळच नाही, म्हणून 2023 पासून मेट्रो स्टेशनांत वर्ग भरवले आणि 2024 ला जमिनीखाली खास बांधलेली शाळा सुरू झाली. वर्ल्ड बँक वगैरेंनी फेब्रुवारी 2025 ला पुढच्या दहा वर्षांचा खर्च 524 अब्ज डॉलर धरलाय. मीनलताई, माणसांचं अगदी खरं, आमचे प्रोफेसर ब्लॅकआउटमध्ये पण ऑनलाइन लेक्चर घ्यायचे, ते तिथे टिकले म्हणून कॉलेज टिकलं.

सांजवात:
थँक्यू सगळ्यांना, डोळे उघडले. मग मोसूलच्या ज्या मुलांची आयसिसच्या काळात शाळाच बुडाली त्यांचं काय झालं?

मीनल_क:
त्यात कागदांचा घोळ मोठा आहे ग. आयसिसने दिलेले जन्मदाखले इराक सरकार मानत नाही, त्यामुळे त्या काळात जन्मलेल्या कित्येक मुलांकडे सरकारी कागदच नाही, आणि बाप आयसिसमध्ये असल्याचा संशय असेल तर आईला नवीन कागद काढताना फार अडवतात. 2018 ला शिक्षण खात्याने कागद नसले तरी प्रवेश द्या असं सांगितलं, तरी बऱ्याच शाळा मुलांना परत पाठवत होत्या. म्हणजे शाळा बांधून झाली, बाकं आली, आणि पोरगं गेटबाहेरच. याच्यावर कोणी देणगीदार फारसं बोलत नाही, कारण दाखल्याचं उद्घाटन करता येत नाही ना.