मदत हवी आहे: मैलाचा दगड चार फूट सरकवायला परवानगी लागते का?

उंबरठा: घराच्या कुंपणाला लागून मैलाचा दगड आहे. गाडी आत घेताना आड येतो. सोमवारी बिल्डर येतोय, त्याच्याकडून बाजूला घेणार. परवानगी लागते का? फक्त हो की नाही ते सांगा, वेळ नाहीये.

रानजाई: सार्वजनिक बांधकाम खात्याला अर्ज द्या, पोच घ्या. आमच्याकडे एकाला शेंदूर लागला, आता तहसीलदारही हात लावत नाही.

तिरफळ: दगड की बिडाचा? रस्ता कोणता?

उंबरठा: अहो, मी इंग्लंडात आहे. बर्कशर, ए4. दगडच आहे, लंडनचे मैल कोरलेत. गुगलवर मात्र मैलभर जास्त येतं, म्हणजे कुणीतरी आधीच हलवलाय. मग मी हलवला तर काय बिघडलं?

तिरफळ: हे आधी सांगायचं! ए4 म्हणजे जुना बाथ रोड. टर्नपाइक ट्रस्ट टोल घेऊन असे रस्ते राखायचे. 1767 पासून त्यांना मैलाचे दगड सक्तीचे झाले. बाथ रोडचे मैल हाइड पार्क कॉर्नरपासून मोजलेत, आज लंडनचं अंतर चेरिंग क्रॉसपासून धरतात. फरक तिथेच निघाला. हिस्टॉरिक इंग्लंड ही तिथली वारसा जपणारी संस्था, तिच्या संरक्षित वास्तूंच्या यादीत शोधा. तिथे असेल तर विनापरवाना हलवणं फौजदारी गुन्हा. नसला तरी बहुधा कौन्सिलच्या हायवे खात्याचा, तुमचा नाही.

खलबत्ता: अवांतर: मुंबईतही आहेत असे. फोर्टातल्या सेंट थॉमस चर्चपासूनचे मैल, रोमन आकड्यांत. कित्येक फुटपाथमध्ये गाडले गेले होते.

चुनखडी: हलवता कशाला? पांढरा ऑइलपेंट मारा, लांबून दिसेल.

तिरफळ: नको! आत ओल कोंडते, थंडीत गोठते, पापुद्रे सुटतात.

चुनखडी: आमच्या गावचा दगड दर दिवाळीला रंगतो, ठणठणीत आहे.

तिरफळ: तुमचा काळा पाषाण. आणि तुमच्याकडे बर्फ कधी पडला?

सनदी: टर्नपाइकवाल्यांच्याही आधीचे बघायचे तर केंब्रिज ते बार्कवे जा. ट्रिनिटी हॉल कॉलेजने 1725 पासून बसवलेत.

उंबरठा: केंब्रिजला कोण जातंय! यादीत सापडला, ग्रेड 2. खाली आडवी रेघ आणि बाण आहे, ते काय?

तिरफळ: ऑर्डनन्स सर्व्हेची, म्हणजे तिथल्या नकाशा खात्याची, उंची मोजायची खूण. बिल्डरला आजच फोन करा.

उंबरठा: त्याला आगाऊ पैसे दिलेत हो. फाटकच पलीकडे काढलं तर?

तिरफळ: ए4सारख्या मुख्य रस्त्यावर नवं फाटक? त्यालाही प्लॅनिंगची परवानगी लागते.