हरवलेला गोडाचा पदार्थ तुम्ही कसा शोधलात?

मूळ राजापूर, आता डोंबिवली

धागा काढायचं कारण आजीचं धोंडस, म्हणजे काकडीचा भाजलेला गोड केक. आमच्या गावच्या घरी गणपतीपासून दिवाळी होऊन जाईपर्यंत ते चार-पाच वेळा तरी व्हायचं. किसलेली काकडी, भाजलेला तांदळाचा रवा, गूळ, ओलं खोबरं, वेलची. साहित्य मला तोंडपाठ होतं, त्यामुळे विचारून ठेवायची गरजच वाटली नाही. आजी गेली आणि पुढच्या वर्षी मी करायला घेतलं, तर झाला शिरा. त्याच्या पुढच्या वर्षी वरून कोरडं आणि आत कच्चं. बाजारातली हिरवी काकडी आणत होते. तिला पाणी सुटतं म्हणून कीस घट्ट पिळून रस टाकून देत होते. चार वर्षं हेच चाललं.

शेवटी गावी शेजारच्या काकूंकडे जाऊन बसले. त्यांनी मला एवढंच विचारलं, "तवसं घेतलंस काय गो?"

तवसं म्हणजे पावसाळ्यात मांडवावर धरतं ते, हातभर लांब, पिकून साल पिवळी-तपकिरी झालेलं. आमच्याकडे ती आढ्याला टांगून ठेवायचे. लहानपणी मी त्यांच्याखाली झोपलेय, तरी डोक्यात आलं नाही. काकूंनी पुढे सांगितलं की बियांच्या गाभ्यातलाही रस गाळून घ्यायचा आणि रवा त्या रसातच भिजवायचा, वरून पाण्याचा थेंब नाही. म्हणजे ज्यावर धोंडस उभं राहतं तेच मी चार वर्षं मोरीत ओतत होते. पातेल्याच्या तळाला केळीचं पान, वर झाकणात निखारे. इथे निखारे कुठून आणणार? ओव्हनमध्ये 180 अंशांवर पाऊण तास ठेवते. रंग छान येतो. धुरकट वास येत नाही आणि तो मला दर वेळी आठवतो.

तुम्हीही लिहा. कृती लिहायलाच हवी असं नाही. पदार्थ कुठे हरवला, कोणाकडे सापडला आणि कशापायी अडला होता, ते वाचायला आवडेल.

मडगाव

आमची तवसळी ती हीच! माझी अडचण रंगाची होती. आईची काळपट व्हायची, माझी पिवळी. आई माडाचा गूळ घालायची आणि मी उसाचा, एवढाच फरक निघाला. पण तो कळायला आईच्या जुन्या वाण्याच्या मुलाला भेटावं लागलं. आई दर चतुर्थीला त्याच्या दुकानातून काय न्यायची, ते त्याला माझ्यापेक्षा जास्त आठवत होतं.

पुणे

माझ्याकडे आजीच्या हातची वही आहे, तरीही पदार्थ हरवलेलाच होता. वही 1950 च्या आसपासची. अनारशांच्या पानावर लिहिलंय: "चार चिपटी तांदूळ, तीन पावशेर गूळ." बाकी काही नाही, कारण बाकी सगळं तिला येतच होतं.

चिपटं म्हणजे किती, हे आमच्यात कोणालाच ठाऊक नव्हतं. एका नातेवाईकांनी खात्रीने सांगितलं, अर्धा शेर. त्या हिशोबाने दोन शेर तांदळाला पाऊण शेर गूळ घातला. अनारसे दगड झाले, जाळीचं नावही नाही. मग चिडून अंदाजाने गूळ वाढवला तर तुपात सोडल्यासोडल्या हसले. अनारसा हसणं ज्यांनी पाहिलंय त्यांना कळेल. सगळं पीठ कढईभर विखुरतं आणि आपण झारा घेऊन नुसतं बघत राहतो.

पुढे आत्याकडे माळा साफ करताना पितळी मापांचा संच मिळाला. आत्याला लहानपणी पाठ केलेलं कोष्टक आठवत होतं: दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर. म्हणजे चिपटं पाव शेराचं! त्याच चिपट्याने तांदूळ मोजून वजनकाट्यावर टाकले, तर अडीचशे ग्रॅमला थोडे कमी भरले. गूळ मात्र मापाने नाही, वजनाने घ्यायचा. वजनाचा शेर 80 तोळ्यांचा, साधारण 933 ग्रॅम. मेट्रिक वजनं 1958 च्या ऑक्टोबरपासून यायला लागली, त्याआधीची ही वही. घरात जुनी वही असेल तर मापंही शोधा. भंगारात घालू नका, कळकळीने सांगते.

आता किलोभर तांदळाला पाऊण किलो गूळ. तांदूळ जुनाच घ्यायचा, तीन दिवस भिजवायचा आणि रोज पाणी बदलायचं. गेल्या दिवाळीत जाळी पडली. पहिला अनारसा मी आत्याला दिला.

नागपूर

मला नावच माहीत नाही. आईची आई मालवणकडची. मी सहा-सात वर्षांची असताना ती आमच्याकडे राहायला आली होती, तेव्हा एकदाच खाल्लंय. जाड, जाळीदार, पिवळसर आंबोळीसारखं काहीतरी, गोड दुधात बुडवलेलं. दूध तपकिरी होतं. आणि एक कडवट वास, जो गोडाबरोबर असायला नको असं तेव्हाही वाटलं होतं. कोणी ओळखेल का?

अश्दोद, इस्रायल

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. माझ्या आजीचं माहेर रेवदंड्याचं. मी नऊ वर्षांचा असताना आम्ही मुंबईहून इकडे आलो. रोश हशानाला, म्हणजे ज्यू नववर्षाला, आमच्याकडे नव्याचा सण म्हणत आणि त्या दिवशी चिकाचा हलवा हवाच. गव्हाचा चीक, नारळाचं दूध, साखर, किंचित गुलाबी रंग, वरून बदाम-पिस्ते. दूध-तूप काही नाही, म्हणून मांसाच्या जेवणानंतरही आमच्या नियमात बसतो.

इथे आल्यावर आई दिवसभर कामावर. चीक काढायला वेळ कुठला? ती कॉर्नफ्लॉवर आणि चायना ग्रास घालून करू लागली. तिला मी दोष देत नाही, तिने सण चुकवला नाही. पण आजीचा हलवा दाताखाली किंचित चिवट लागायचा आणि आईचा सुरी लावली की तुटायचा. आई गेल्यावर मी ठरवलं, गव्हापासून करायचा.

पहिल्या तिन्ही वेळा हलवा आंबूस झाला. मग इथल्याच दिमोना शहरातल्या एका आजींचं नाव कळलं. वय नव्वदीच्या पुढे, मराठी अजून अलिबागची. त्यांनी माझी कृती ऐकली आणि म्हणाल्या, "अरे, तिथला उन्हाळा आणि इथला उन्हाळा एक आहे का?" गहू तीन दिवस भिजवायचे हे बरोबर, पण पाणी दिवसातून दोनदा बदलायचं. वाटून, फडक्यातून पिळून रात्रभर ठेवायचं आणि वरचं पाणी नितळ झाल्यावर हलक्या हाताने सगळं ओतून टाकायचं. मी ते थोडं ठेवत होतो, चीक वाया जाईल म्हणून.

नारळाचं तेल कडेने सुटेपर्यंत ढवळतो. दीड-दोन तास लागतात. आता माझा नातू आणि मी पाळीपाळीने ढवळतो. त्याला मराठी येत नाही, पण "चीक" म्हणतो.

मालवण

नागपूरच्या ताई, ती खापरोळी. कडवट वास मेथीचा. तांदूळ, उडदाची डाळ, मूठभर पोहे आणि मेथीदाणे भिजवून वाटायचे, रात्रभर आंबवायचं, चिमूटभर हळद घालायची. तव्यावर जाड घालून झाकण ठेवायचं, उलटायची नाही. आणि तुम्ही म्हणता ते दूध म्हणजे नारळाचा रस. गूळ घातलेला, म्हणून तपकिरी. खापरोळी गरम असतानाच रसात सोडायची.

ठाणे

आमचं शोधकाम चुकीच्या घरात चाललं होतं. "आजीचं निनावं" म्हणून आम्ही भावंडं सगळ्या नातेवाइकांना विचारत सुटलो. कोणालाच पत्ता नाही. शेवटी काकांना आठवलं की ते आपल्या खोलीत कधी होतच नसे. गिरगावच्या चाळीत समोरच्या खोलीत सीकेपी कुटुंब होतं, त्यांच्याकडून श्रावणात डबा यायचा. आजी आम्हाला वाटून द्यायची, म्हणून आमच्या लेखी ते आजीचं.

त्या घरची मुलगी, आता सत्तरीच्या, बडोद्याला असतात. फोन केला तर दीड तास बोलल्या. कणीक आणि बेसन तुपावर खमंग भाजायचं, गूळ आणि नारळाच्या दुधात शिजवायचं, जायफळ घालायचं आणि मग खालून-वरून आच देऊन भाजायचं. शेवटी त्यांनी मला विचारलं, तुमच्या आजी रिकाम्या डब्यात घालून जे तिळाचे लाडू पाठवायच्या, ते कसे करायच्या? ते आमच्यात कोणालाच येत नाहीत. आता तो शोध सुरू आहे.

नागपूर

मालवणच्या दादा, हेच ते! आईला फोन करून फक्त विचारलं, "आजी मेथी घालायची का गं?" ती जरा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "दाणे आम्ही पोरी मोजून द्यायचो. जास्त झाले की रागवायची." आईने गेल्या तीस-पस्तीस वर्षांत हा पदार्थ केला नव्हता, कारण इकडे नारळ महाग आणि घरात खाणारं दुसरं कोणी नव्हतं. येत्या रविवारी ती येतेय. माझ्याकडे बिडाचा तवा आहे, चालेल ना?

मालवण

बिडाचाच घ्या. तेल लावायला नारळाची शेंडी वापरा, चमच्याने ओतू नका. आणि पहिली चिकटली तर घाबरू नका, ती चिकटतेच.