कोळ्यांना सापांसारखं ‘विषारी, निमविषारी, बिनविषारी’ म्हणावं का?

गडगा (धागा सुरू करणारा)

आमच्या गावच्या वाचनालयात गेल्या महिन्यात एक रंगीत तक्ता लागला. कोळ्यांची चित्रं आणि तीन रकाने: लाल म्हणजे विषारी, पिवळा निमविषारी, हिरवा बिनविषारी. मांडणी थेट सापांच्या तक्त्यावरून घेतलेली. लावणारी मुलं मनापासून काम करणारी आहेत, तरी हा तक्ता उतरवावा असं माझं ठाम मत आहे.

सापांत ही वाटणी चालते, कारण धामणीकडे विष नाहीच. कोळ्यांचं तसं नाही. जगात ५०,००० च्या वर जाती नोंदलेल्या आहेत आणि जवळजवळ सगळ्यांना विषग्रंथी आहेत. अपवाद म्हणून ठळक नाव घ्यावं ते युलोबोरिडी कुटुंबाचं. ते भक्ष्याला रेशमात करकचून गुंडाळतात, विष टोचत नाहीत. म्हणजे हिरवा रकाना खरेपणाने भरायचा तर तो जवळपास रिकामा राहील. आमच्या तक्त्यावर मात्र त्यात भिंतीवर उड्या मारणारा चिमुकला कोळी बसवलाय. तो माशी पकडतो, ती विषाच्या जोरावरच ना?

लाल रकान्यात काय, तर घरातला तो मोठा चपटा तपकिरी हंट्समन. पडवीत, न्हाणीघरात, कौलांखाली सगळ्यांनी पाहिलेला. मादी पोटाखाली पांढरट चपटी अंडपिशवी धरून फिरते. रात्रभर झुरळं खातो. तक्ता लागल्यापासून आमच्या वाडीतली पोरं केरसुणी घेऊन त्याच्या मागे लागलीत. मला याचं फार वाईट वाटतं.

माझं म्हणणं एवढंच: ‘विषारी’ हा शब्द कोळ्याबद्दल काही सांगतो, ‘धोकादायक’ हा माणसाबद्दल. तक्ता माणसांसाठी आहे, तर दुसरा शब्द वापरा.

कातळफूल

हा शब्दांचा कीस आहे. माझ्या आजीने आयुष्यभर मांगरात आणि काजूच्या बागेत काम केलं. तिचा प्रश्न एकच असतो, “हात लावू की नको?” तुमची विषग्रंथी तिला ऐकवली तर ती म्हणेल, “माका ह्या कळून काय करूचा असा?” लाल रंग तिला कळतो.

आणि चूक करायचीच तर कुठल्या बाजूला करायची? चार हंट्समन फुकट मेले, याचं दुःख मलाही आहे. पण हिरव्या रकान्यावर विश्वासून एखाद्या मुलाने झाडाच्या ढोलीत हात घातला, तर? सह्याद्रीत पोसिलोथेरिया वंशाचे झाडावर राहणारे टॅरंटुला, म्हणजे मोठे केसाळ कोळी, आहेत. त्यांच्या चाव्यानंतर स्नायूंचे गोळे येतात, कळा कित्येक दिवस राहतात. माणूस मरत नाही म्हणून तो चावा किरकोळ होतो का? शास्त्राने काटेकोर असावं, तक्त्याने घाबरट असावं.

पाणंद

प्राणिशास्त्र शिकवतो म्हणून लिहितो. शास्त्रातलं वर्गीकरण विष बघून होतच नाही, ते नात्यागोत्यावर चालतं. एक मोठी ओळखीची खूण म्हणजे सुळे. टॅरंटुला आणि त्यांच्या भावकीचे सुळे समांतर, कुदळीसारखे खाली येतात. बाकी बहुतेक कोळ्यांचे सुळे चिमट्यासारखे एकमेकांसमोर मिटतात.

आता धोका कुठे आहे ते बघा. ऑस्ट्रेलियातला सिडनी फनेल-वेब हा कोळी कुदळवाल्यांतला. ब्लॅक विडो, म्हणजे लॅट्रोडेक्टस, चिमटेवाल्यांतली. तिच्या वंशातल्या काही जाती भारतातही नोंदलेल्या आहेत. तिचं विष मज्जातंतूंच्या टोकांवर काम करतं. लॉक्सोसेलीसही चिमटेवालाच, पण त्याच्या विषाने चाव्याभोवतीची कातडी सडते. उलट फनेल-वेबच्याच बाजूचे थोराड केसाळ टॅरंटुला घ्या, त्यांच्या चाव्याने माणूस दगावल्याची खात्रीची नोंद नाही. धोका कुळावर जात नाही, आकारावर तर नाहीच.

फनेल-वेबचं विष माणसाला आणि माकडाला जिवावरचं, कुत्र्या-मांजराला त्या मानाने फारच कमी बाधतं. मग त्याला कुठल्या रकान्यात घालाल? कुणासाठी धोकादायक, हे आधी ठरवावं लागतं. या मुद्द्यावर मी गडगा यांच्या बाजूने आहे. ‘निमविषारी’ला तर कोळ्यांत काडीचाही आधार नाही. सापांत त्या शब्दाला अर्थ आहे, विषदात जबड्यात मागे असलेला साप, इथे तो फक्त पिवळा रंग भरायला आणलेला आहे.

लाल माती

मला वाटतं, उपचार बदलत असेल तरच वर्गीकरणाला मोल आहे. कोकणात आठ पायांचा खरा मारेकरी कोळी नव्हता, लाल विंचू होता. महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्याच्या दंशाचा हृदयावर काय परिणाम होतो ते रुग्णांजवळ बसून टिपलं. १९८२ साली ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, पुढे प्राझोसिन हे औषध वापरात आलं. ज्या दंशाने पूर्वी शंभरातले चाळीसेक दगावत, तिथे हे प्रमाण एकावर आलं. तिथे ‘लाल विंचू की काळा’ या प्रश्नाला जिवाची किंमत आहे. कोळ्यांच्या तीन रकान्यांनी कुठला डॉक्टर वेगळं औषध देणार आहे?

रात्रपाळी

ग्रामीण भागात परिचारिका आहे. वरचं सगळं वाचलं. तुम्ही सगळे असं धरून चाललात की चावणारा दिसलेला असतो.

आमच्याकडे ‘कोळी चावला’ म्हणून येणाऱ्यांत कोळी पाहिलेला माणूस क्वचित असतो. पावसाळ्यात मानेवर, कोपराच्या वळणात लाल पट्टा उठतो, फोड येतात, जळजळ होते. घरचे सांगतात, कोळी अंगावरून चालून गेला. बऱ्याचदा तो पेडेरस नावाचा छोटा काळा-नारिंगी भुंगेरा असतो. तो चावत नाही, डंखही मारत नाही. दिव्यावर येतो, आपण झोपेत त्याला चिरडतो आणि त्याच्या अंगातला रस कातडीला लागतो. कोपर मिटलेला असला तर दोन्ही बाजूंना सारखाच डाग उमटतो. इथे बिचाऱ्या कोळ्याचा संबंधच नाही.

पण मला भीती दुसऱ्याच गोष्टीची आहे. मण्यार रात्री येते, जमिनीवर झोपलेल्याला चावते. दुखत नाही म्हटलं तरी चालेल, खूण दिसेलच असं नाही. माणूस म्हणतो, काहीतरी चावलं, कोळी असेल, आणि कूस बदलून झोपतो. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, घास गिळवत नाही, मग श्वास अडखळतो. अशी एक बाई मी पाहिली आहे. उशीर झाला होता. तिच्या घरच्यांनी मला चार वेळा विचारलं, “कोळ्याने असं होतं का हो?”

म्हणून गडगा, तुमचा तक्ता ‘कोळ्याचा चावा बहुधा किरकोळ’ असं सांगणार असेल, तर तो माझ्या दृष्टीने लाल रकान्यापेक्षाही धोक्याचा आहे.

गडगा

ताई, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी घाबरवण्याच्या विरोधात एवढा तावातावाने बोलत होतो की निर्धास्त करण्यातला धोका दिसलाच नाही.

तरी भीतीचीही किंमत असते, हे कातळफूल यांना सांगायचंय. २०१२ साली आसामात सदियाला कोळ्यांची मोठी घबराट झाली, दोन मृत्यू त्यांच्या नावावर लागले. मांत्रिकाने जखमा ब्लेडने कापल्याचं तेव्हा पुढे आलं. विषानेच ते गेले, हे काही सिद्ध झालं नाही. आणि ज्या पोसिलोथेरियाचं तुम्ही नाव घेतलंत, त्यांना शौकापायी पकडून विकतात. २०१९ पासून त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स या वन्यजीव-व्यापाराच्या जागतिक कराराखाली नियंत्रण आहे.

तक्त्याचा वरचा भाग मी असा लिहीन: “चावणारा दिसला नाही, तर तो कोळी होता असं समजू नका. रात्रीचा चावा असेल तर लगेच दवाखाना. जखम कापू नका, घट्ट बांधू नका.” चित्रं त्याच्या खाली. कोळी दिसला असेल तर त्याचा फोटो काढा, त्याला मारू नका.

कातळफूल

वरचा मजकूर मान्य, अगदी मोठ्या अक्षरात लिहा. रंगांबद्दल मात्र मी मागे हटत नाही. माझी आजी वाचू शकत नाही. ढोलीतल्या टॅरंटुलाच्या चित्राभोवती लाल चौकट हवीच.

पाणंद

चौकट त्याच्याभोवती जरूर द्या. हंट्समनची काढा.

कातळफूल

हंट्समनची काढू. पण हिरवी देऊ नका, कोरी ठेवा.

रात्रपाळी

आणि कोळ्यांच्या शेजारी मण्यारीचं एक चित्र लावा. काळी, अंगावर पांढरे बारीक पट्टे. लाल चौकट तिला द्या.