संकरित एचएफ (होल्स्टीन) गाय चार वेळा भरवली (कृत्रिम रेतन केलं), तरी उलटतेय, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येतेय. नेमकं काय तपासावं? (निफाड)

गोदाकाठचा गोठा
दुसऱ्या वेताची एचएफ संकरित गाय, दूध दोन्ही वेळचं मिळून १४ लिटर. १८ जूनला व्यायली, वार वेळेत पडली. भरवल्याच्या तारखा: २८ ऑगस्ट, १८ सप्टेंबर, ३० ऑक्टोबर, २० नोव्हेंबर. ११ डिसेंबरला पुन्हा माज दिसला, तेव्हा मुद्दाम भरवली नाही. दर वेळी भरवल्यानंतर तिसऱ्या दिवशी शेपटीला थोडं रक्त लागलेलं दिसतं. लोक म्हणतात रक्त आलं म्हणजे गाय राहिली नाही.
खाद्य: उसाचं वाढं १५ किलो, मक्याची कुट्टी ५ किलो, गोळी पेंड दोन वेळची मिळून ४ किलो, शिवाय चाळीतला निवडलेला कांदा. गाय दावणीला बांधलेली असते. शेवटच्या दोन कांड्या (गोठवलेल्या रेताच्या नळ्या) सेक्स सॉर्टेड, म्हणजे कालवडच व्हावी म्हणून निवडलेल्या रेताच्या होत्या. कांडी बदलू, वळू लावू की इंजेक्शन देऊ?

सिन्नर दूधवाला
इंजेक्शन राहू द्या, आधी तारखा वाचा. २८ ऑगस्ट ते १८ सप्टेंबर २१ दिवस. पुढे ३० ऑक्टोबरपर्यंत ४२, म्हणजे मधला ९ ऑक्टोबरच्या आसपासचा माज हुकला. नंतर पुन्हा २१ आणि २१. गाय घड्याळासारखी चालली आहे. १८ ते २४ दिवसांनी उलटते तेव्हा बीज फळलेलंच नसतं, नाहीतर गर्भ पहिल्या दोन आठवड्यांतच गेलेला असतो. २८-३५ दिवसांनी उलटली असती तर राहिलेला गर्भ गेला का, हे शोधावं लागलं असतं. आणि १०-१२ दिवसांनी माज दिसला असता तर दोन्हींपैकी एक माज खोटा.
रक्ताचं मनावर घेऊ नका. माज ओसरल्यावर एक ते तीन दिवसांत गर्भाशयाच्या आतल्या अस्तरातून थोडं रक्त येतं. गाय राहिली की नाही, हे त्यावरून कळत नाही. उपयोग एवढाच की माज होऊन गेल्याचा तो पुरावा आहे. हुकलेला माजही रक्तावरून पकडता येतो, तिथून १८-१९ दिवस मोजायचे.
आता सांगा, माज किती वाजता दिसतो, किती वाजता भरवता आणि सोट (माजात गळणारा चिकट स्राव) कसा असतो?

गोदाकाठचा गोठा
पहाटे साडेपाचला धारेच्या वेळी सोट दिसतो. लगेच फोन करतो, भरवणारे आठ-साडेआठला येतात. सोट स्वच्छ, अंड्याच्या पांढऱ्यासारखा, लांब तार येते.

पशुवैद्यक, दिंडोरी
इथेच गडबड दिसते. सोट दिसणे म्हणजे पक्का माज नव्हे. पक्का माज म्हणजे दुसरं जनावर अंगावर चढलं तरी गाय हलत नाही. दावणीच्या गायीला ते दाखवायची सोय नसते, म्हणून आपण सोटावर धावतो. सोट पक्क्या माजाच्या काही तास आधीपासून गळू शकतो. पक्का माज साधारण १२ ते १८ तास, संकरित गायीत कधी त्याहून कमी, आणि बीजांड सुटतं माज संपल्यावर १०-१२ तासांनी. सकाळी साडेआठला सोडलेले शुक्रजंतू बीजांड सुटेपर्यंत थकलेले असतात. रक्त तिसऱ्या दिवशी दिसणं यालाच जुळतं; भरवल्यावर दुसऱ्याच दिवशी दिसलं असतं तर उलट उशीर झाला असं म्हटलं असतं. त्यामुळे सकाळी माज दिसला तर त्याच दिवशी संध्याकाळी भरवा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. पहाटे, दुपारी आणि रात्री नऊनंतर असं तीनदा अर्धा-अर्धा तास गाय मोकळी सोडून पाहा. बरेचसे माज रात्रीच होऊन जातात.

भरवताना तुम्ही शेजारी उभे राहा, त्यात गैर काही नाही. कांडी ३७ अंशांच्या पाण्यात ३० सेकंद. पाण्यात बोट घालून अंदाज घेणं चालत नाही, थर्मामीटर हवा. बाहेर काढल्यावर कांडी कोरडी पुसायची, कारण पाण्याचा थेंबही शुक्रजंतू मारतो. मग गनला (रेत सोडायच्या नळीला) लावून ऊन न लागू देता लगेच वापरायची. रेत गर्भाशयाच्या मुखाच्या जरा पुढे, गर्भाशयाच्या अंगात सोडायचं. पुढे खोल गर्भाशयाच्या शिंगात (फाट्यात) गन खुपसली तर आतली नाजूक त्वचा दुखावते. कांडीवरचा वळूचा क्रमांक कानातल्या टॅगच्या १२ अंकी क्रमांकासोबत वहीत लिहून ठेवा.

सेक्स सॉर्टेडबद्दल स्पष्ट सांगतो, उलटणाऱ्या गायीला ती नको. साध्या कांडीत साधारण २ कोटी शुक्रजंतू असतात, सॉर्टेडमध्ये २० लाखांच्या आसपास. वेळ थोडी चुकली तरी ती माफ करत नाही. ती निरोगी कालवडीला वापरा.

सिन्नर दूधवाला
खाद्यावर मी बोलतो. शरीराला दीड किलो आणि दर अडीच लिटर दुधाला एक किलो पेंड हा ढोबळ हिशोब धरला तर १४ लिटरला सात किलोच्या घरात जाते. तुमची चार. गाय ती तूट स्वतःच्या चरबीतून भरते आणि त्याचा पहिला फटका गर्भधारणेला बसतो. बरगड्या लांबून मोजता येत असतील तर समजा. पेंड एकदम वाढवू नका, पोट बिघडेल. तीन-चार दिवसांनी अर्धा किलो. मक्याचा चांगला मुरघास मिळाला तर पेंड कमी लागेल.
उसाच्या वाढ्यात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम अडकवून ठेवतं. १५ किलो वाढं आणि खनिज मिश्रण शून्य, हे जुळत नाही. खनिज मिश्रण रोज ५० ते १०० ग्रॅम, मीठ ३० ग्रॅम. आज सुरू केलं म्हणून पुढच्याच माजाला फळेल असं नाही, बीजांड तयार व्हायला दोन-अडीच महिने लागतात.
कांद्याचं मात्र गंभीरपणे घ्या. भाव पडला की आपल्याकडे चाळीतला कांदा गव्हाणीत जातो. कांद्यातल्या गंधकयुक्त घटकांनी रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. लघवी काळ्या चहासारखी दिसली, हिरड्या-डोळ्यांच्या आतली कातडी फिकी पडली तर कांदा लगेच बंद करून डॉक्टरांना बोलवा. दुधालाही वास येतो.

येवला रानवाट
एवढं कशाला? गावातला वळू लावा, राहते.

पशुवैद्यक, दिंडोरी
तो वळू किती गोठे फिरून आला, ते कोणी लिहून ठेवत नाही. ब्रुसेलोसिस (गर्भपात घडवणारा रोग) आणि लैंगिक संसर्ग असेच पसरतात, ब्रुसेला माणसालाही होतो. कालवडींना चार ते आठ महिन्यांत ब्रुसेलाची लस एकदाच द्या.

इंजेक्शनबद्दल: हार्मोन देण्याआधी ती गाभण नाही याची खात्री झालीच पाहिजे. काही गाभण गायीही माजाची लक्षणं दाखवतात आणि तशा गायीला प्रोस्टाग्लँडिन (माजावर आणायचं हार्मोन) टोचलं तर गर्भ पडतो. तपासणीत बीजांडकोश आणि पिशवी (गर्भाशय) नीट निघाली तर आधी फक्त वेळ सुधारा. तुमच्या गायीचा सोट स्वच्छ आहे, पण तेवढ्यावरून लपलेला दाह नाहीच असं म्हणता येत नाही. डॉक्टरांकडून व्हाइट साइड चाचणी करून घ्या: सोटात तेवढंच १० टक्के कॉस्टिक सोड्याचं द्रावण मिसळून गरम करतात, पिवळा रंग आला तर पिशवीत दाह. त्याआधी पिशवीत अँटिबायोटिक सोडायची घाई नको.

गोदाकाठचा गोठा
मग पुढचा माज कधी धरू?

सिन्नर दूधवाला
११ डिसेंबरपासून २१ दिवस म्हणजे १ जानेवारी. २९ डिसेंबरपासून ४ जानेवारीपर्यंत रात्रीची पाहणी चुकवू नका. पक्का माज सकाळी दिसला तर भरवणाऱ्याला त्याच संध्याकाळी बोलवा, साधी कांडी. त्यानंतर २१ दिवसांनी, साधारण २२ जानेवारीला पुन्हा पाहा. माज नाही आला तर ३०-३५ दिवसांनी सोनोग्राफी, नाहीतर ६० ते ७५ दिवसांनी हाताने तपासणी.